स्वरपेटीची दुरुस्ती आणि सप्तकाचा प्रश्न : ठाणे–कल्याण परिसराच्या संदर्भात

१

महाराष्ट्रातील पेटीवाद्यांचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी सांगितला गेला आहे. एक अंग वादकांचे : कोणी कोणास साथ केली, कोणी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, कोणाच्या हाताखाली कोण तयार झाले. दुसरे अंग वादाचे : बारा स्वरांच्या पक्क्या पट्ट्या असलेले हे परदेशी वाद्य आपल्या संगीतास योग्य की अयोग्य. ह्या दोन्ही मांडण्यांत पेटी ही एक घडून संपलेली वस्तू आहे, असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः लाकूड, चामडे, बनात आणि पितळ ह्यांची, अथवा तारा, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर ह्यांची, ही वस्तू कोकणच्या दमट हवेत फार काळ न उघडता राहू शकत नाही. आणि एकदा उघडलेली पेटी जशीच्या तशी मिटत नाही. तिच्यावर ज्याचा हात फिरतो, तो तिच्या स्वरांविषयी काही ना काही निर्णय घेतच असतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा निर्णय होय. पायाने भाता चालवावयाचा जुना ऑर्गन, म्हणजेच मराठी रंगभूमीवरील ‘पायपेटी’, आणि त्यानंतर आलेले विजेचे घरगुती ऑर्गन ह्या वाद्यांच्या दुरुस्तीत व फेरफारात सप्तक बदलण्याची मुभा कारागिरास कितपत होती, ती केव्हा वाढली, केव्हा आटली आणि त्या वेळी संगीतविचार काय करीत होता, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे. त्यासाठी ठाणे, कल्याण व डोंबिवली हा परिसर दृष्टीसमोर ठेवला आहे. मुंबईच्या नाट्यगृहांशी व ध्वनिमुद्रणगृहांशी लोहमार्गाने जोडलेला, परंतु विजेच्या व्यवस्थेत मुंबईहून वेगळा असा हा प्रदेश; पुढे श्रुतींच्या प्रश्नावर पेटीच्या अंगाने दिलेले एक महत्त्वाचे उत्तरही ह्याच परिसराशी निगडित आहे.

२

हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. अलेक्झांद्र दबँ ह्याने १८४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यास ते नाव व रूप दिले. त्यात भात्याने हवा दाबून ती पितळी सुरांवर सोडतात. अमेरिकेत रूढ झालेल्या ऑर्गनमध्ये ह्याच्या नेमके उलट घडते : पायाखालचे भाते पेटीतील हवा शोषून घेतात आणि बाहेरची हवा सुरांवरून आत खेचली जाते. एवढ्याशा फरकाने नाद बदलतो. हार्मोनियमचा सूर धारदार, तर ऑर्गनचा गोल व मऊ. बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो येथील एस्टी इत्यादी कारखान्यांनी हे वाद्य मध्यमवर्गीय दिवाणखान्यासाठी व लहान प्रार्थनामंदिरांसाठी हजारोंच्या संख्येने तयार केले. म्हणजे मुळात ते घरगुती वाद्य होते. रंगभूमीसाठी कोणी ते घडविले नव्हते.

मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास झालेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या प्रयोगाने मानला जातो. पुढील काही दशकांत पेटीने साथीत आपले स्थान पक्के केले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) ह्यांच्यासारखा श्रेष्ठ पेटीवादक १९११ च्या ‘मानापमाना’चा संगीतदिग्दर्शक होतो, ह्यावरून पेटीची नाट्यसंगीतातील प्रतिष्ठा ध्यानात यावी. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी मातबर मंडळी होती. ऑर्गनच्या मऊ व अखंड नादाने नटाचा आवाज झाकला जात नसे, उलट त्याला आधार मिळे; आणि ध्वनिक्षेपकाविना चालणाऱ्या त्या काळच्या प्रयोगांत हा गुण मोलाचा होता. शिवाय भाता पायांकडे गेल्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत. एका हाताने गाण्याचा माग काढावा व दुसऱ्याने आधारस्वर धरून ठेवावा, ही सोय हातपेटीत नव्हती.

बोलपटांच्या आगमनानंतर नाटक मंडळ्यांना ओहोटी लागली. महायुद्धात आयात थांबली. पुढे १९५६–५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयात परवान्यांचे निर्बंध अधिकच कडक झाले. १९६० मध्ये एस्टीचा कारखानाही बंद पडला. नेमक्या ह्याच सुमारास मराठी संगीत नाटकाला पुन्हा बहर आला. विद्याधर गोखले ह्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ व ‘सुवर्णतुला’ ही नाटके १९६० ची, ‘मत्स्यगंधा’ १९६४ चे आणि ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चे. तात्पर्य, मागणी वाढली तेव्हा नवे वाद्य मिळण्याचा मार्ग खुंटलेला होता. ह्यानंतर रंगभूमीवर वाजलेला प्रत्येक परदेशी ऑर्गन हा कोणातरी कारागिराने जगविलेला ऑर्गन होता, असे म्हणावयास हरकत नाही.

३

जगविणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. सामान्य ऑर्गनला पाच सप्तकांच्या एकसष्ट पट्ट्या असतात. सुरांचे दोन संच असल्यास एकशे बावीस व तीन असल्यास एकशे त्र्याऐंशी पितळी सूर त्यात बसविलेले असतात. प्रत्येक सूर आपल्या खोबणीत सरकवलेला असून आकड्याने ओढून बाहेर काढता येतो. झडपांना खालून मऊ चामडे व बनात लावलेली असते. भात्याचे कापड रबर चढविलेले असते. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत ठाण्याच्या खाडीलगतच्या हवेत लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासतात, झडप पुरती बसत नाही आणि पट्टी न दाबताच एखादा सूर रडू लागतो. बनातीला कसर लागते, भात्याच्या घड्या चिरतात, सरसाचा जोड सुटतो, उंदीर चामडे कुरतडतात. पितळेवर हिरवट गंज चढला की सूर जड होऊन उतरतो, आणि जिभेखाली धुळीचा कण अडकला तर तो मुकाच होतो.

ह्यांतील बहुतेक कामे सुतारकीची व चांभारकीची आहेत; त्यांत स्वराचा प्रश्न नाही. तो प्रश्न उपस्थित होतो सूर लावताना. पितळी जिभेचे टोक किंचित खरवडले की ते हलके होऊन सूर चढतो. मुळाशी खरवडले की जीभ लवचीक होऊन सूर उतरतो. खरवडलेले पितळ परत येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी सूर लावणे ही एक कायमची घटना असते, आणि जुन्या सुराच्या जिभेवरील कानशीचे ओरखडे हा त्या वाद्याच्या आयुष्याचा लेखच असतो.

आता सूर कोणत्या मापाने लावावा? कारखान्यातून येणारा ऑर्गन समविभाजित सप्तकात लावलेला असे. ह्या पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग करतात. सप्तक १२०० सेंटांचे धरल्यास प्रत्येक भाग १०० सेंटांचा होतो. तंबोऱ्याच्या षड्जाशी जुळणारा शुद्ध गांधार, म्हणजे ज्याचे षड्जाशी ५ : ४ हे प्रमाण आहे तो, ३८६ सेंटांवर येतो, पेटीचा गांधार मात्र ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. धैवत ५ : ३ ह्या प्रमाणाने ८८४ वर हवा, तो ९०० वर असतो, निषाद १०८८ वर हवा, तो ११०० वर. ह्याउलट मध्यम-पंचमातील अंतर अवघे दोन सेंटांचे, म्हणजे कानाला जवळजवळ न जाणवणारे. पेटीविषयीच्या तक्रारीचे मूळ असे मोजून दाखविता येते : ती सर्व स्वरांत सारखी बेसूर नसते, गांधार, धैवत व निषाद येथे ती विशेष खटकते.

कुशल कारागिराला हे कानाने ठाऊक असते. एकाच षड्जावर गाणाऱ्या गायकासाठी तो तंबोरा लावून गांधार थोडा उतरवू शकतो, धैवत त्याच्याशी जुळवू शकतो. परंतु येथेच अडचण उभी राहते. पुरुष गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये. नाटकात तर एकाच प्रयोगात दोन-तीन षड्ज येतात. काळी एकसाठी गोड केलेली पेटी दुसऱ्या पट्टीत पूर्वीपेक्षाही अधिक बोचते. म्हणून अनेकांच्या साथीला जाणारी पेटी समविभाजित ठेवणे आणि एकाच गायकाच्या घरची पेटी त्याच्या षड्जाला जुळविणे, हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी सयुक्तिक ठरतात. कारागिराचे ज्ञान ह्या निवडीत होते, केवळ कानस चालविण्यात नव्हे.

४

ह्या प्रश्नाची शास्त्रीय मांडणीही महाराष्ट्रातच झाली. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स होते, आणि अब्दुल करीम खाँ ह्यांच्यासारख्या गायकाचे साहाय्य त्यांना लाभले होते. ह्या विचारातून श्रुतिहार्मोनियम लंडनला तयार करवून घेण्यात आली. १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ह्यावर वाद झडला, आणि भातखंडे ह्यांनी ती मांडणी स्वीकारली नाही. श्रुतिहार्मोनियम प्रचारात रुजली नाही, ह्याचे एक कारण उघड आहे : ती वाजविण्यास व सांभाळण्यास अवघड होती, आणि जे वाद्य गावोगावचा कारागीर उघडून लावू शकत नाही ते आपल्याकडे फार काळ टिकत नाही.

दुसऱ्या बाजूने पेटीविरुद्धचे मत बळावत गेले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. त्या वेळी लायोनेल फील्डन हे तेथील प्रमुख होते. स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. बा. वि. केसकर ह्यांच्या मंत्रिपदाच्या काळात, म्हणजे १९५२ ते १९६२ ह्या दशकात, तिला धोरणाचा भक्कम आधारही होता. अखेर १९७१ मध्ये ती अंशतः उठली.

ह्या तीन दशकांच्या वादाचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. बंदीचे समर्थक म्हणत की पेटीचे स्वर पक्के आहेत, म्हणून ती अयोग्य. विरोधक म्हणत की पक्के असले तरी चांगला वादक ते दोष झाकतो. पेटीचे स्वर पक्के आहेत हे दोन्ही पक्षांस मान्य होते. मींड पेटीवर निघत नाही, हा आक्षेप खराच. त्यावर कारागिराजवळ उपाय नव्हता. परंतु गांधार चढा आहे, ह्या आक्षेपावर उपाय होता आणि तो कानशीइतका जवळ होता. वाद चालू असताना ह्या उपायाची मर्यादाही तपासली गेली नाही आणि शक्यताही. कारागीर हा त्या चर्चेत साक्षीदार म्हणूनसुद्धा आला नाही.

५

विजेच्या ऑर्गनने हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर नेला. येथे ‘विजेचा ऑर्गन’ ह्या एका नावाखाली तीन भिन्न यंत्रणा येतात, आणि सप्तकाच्या दृष्टीने त्या तिघींचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे.

पहिली यंत्रणा लॉरेन्स हॅमंड ह्याची. १९३४ मध्ये पेटंट घेऊन १९३५ मध्ये बाजारात आलेल्या ह्या ऑर्गनमध्ये कंगोरे असलेली ९१ धातूची चाके एका मोटारीने फिरतात. प्रत्येक चाकाशेजारील चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विद्युत्स्पंदने निर्माण होतात. बारा स्वरांची परस्परप्रमाणे बारा दातेरी जोड्यांनी ठरतात. म्हणजे गांधार उतरवावयाचा तर नवे दाते कापावे लागतील. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती स्वर बदलण्याची मुभा येथे शून्य झाली.

शिवाय हे वाद्य विजेच्या आवर्तनांना बांधलेले. त्याची मोटार पुरवठ्यातील आवर्तनांच्या तालावरच फिरते. अमेरिकेत वीज दर सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०. अमेरिकेसाठी घडविलेला ऑर्गन येथे आणला की व्होल्टेजचा प्रश्न रोहित्राने सुटतो. २३० चे ११५ करणे हे कोणाही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या आवाक्यातील काम आहे. परंतु रोहित्र आवर्तने बदलत नाही. मोटार पाच-षष्ठांश गतीने फिरते आणि सगळे वाद्य त्याच प्रमाणात उतरते. ५ : ६ हे प्रमाण संगीताच्या भाषेत सांगावयाचे तर षड्जाच्या जागी मंद्र सप्तकातील शुद्ध धैवत ऐकू येतो. अधिक म्हणजे, ६० आवर्तनांसाठी केलेले आतील रोहित्र ५० वर जास्त तापते. निर्यातीसाठी ५० आवर्तनांचे ऑर्गन वेगळे बनविले जात, ते ह्याच कारणाने.

येथे स्थानिक परिस्थिती महत्त्वाची ठरते. मुंबई शहराचा वीजपुरवठा स्वतंत्र कंपन्यांकडे होता; ठाणे व कल्याण मात्र राज्य वीज मंडळाच्या व नंतर महावितरणाच्या कक्षेत. विजेच्या तुटवड्याच्या काळात आवर्तने ५० च्या खाली जात. ती ५० ऐवजी ४९ झाली तर अशा ऑर्गनचा सूर सुमारे ३५ सेंटांनी उतरतो. प्रमाणश्रुती २२ सेंटांहूनही किंचित लहान आहे. म्हणजे ज्या सूक्ष्म अंतरासाठी विद्वानांनी ग्रंथ लिहिले, त्याच्या दीडपटीहून अधिक अंतर विजेच्या जाळ्यातील एका आवर्तनाच्या घटीने पडत होते. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून आवर्तनांशी निगडित दररचना लागू झाली आणि परिस्थिती सुधारली. तोवर चाकांच्या ऑर्गनचे उत्पादन बंद होऊन पाव शतक उलटले होते.

दुसरी यंत्रणा आंदोलकांची. हॅमंडच्याच १९३९ च्या नोव्हाकॉर्डमध्ये बारा आंदोलक होते. वरच्या सप्तकाचे बारा स्वर ते निर्माण करीत आणि पुढील मंडले त्यांची आवर्तने निम्मी-निम्मी करीत खालची सप्तके तयार करीत. त्या एका वाद्यात १६३ व्हॉल्व्ह होते. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर हीच पद्धत स्वस्त व आटोपशीर झाली. १९६२ च्या व्हॉक्स काँटिनेंटलमध्ये बारा स्वरांच्या बारा सुट्या पट्टिका होत्या. आंदोलकाच्या वेटोळ्यातील गाभा स्क्रूने थोडा फिरवला की तो स्वर सर्व सप्तकांत एकदम चढतो वा उतरतो, आणि तो पुन्हा मूळ जागी आणता येतो. पितळी ऑर्गनमध्ये जे काम शे-सव्वाशे जिभा कायमच्या खरवडून करावे लागे, ते येथे बारा स्क्रूंनी, काही मिनिटांत आणि काहीही न गमावता होऊ शकत होते. सप्तक बदलण्याचे दार इतके सताड उघडे पूर्वी कधी नव्हते.

तिसऱ्या यंत्रणेने ते मिटले. १९७० च्या दशकात एकाच अर्धवाहक चकतीत सर्व स्वर निर्माण करणारे मंडल आले. मॉस्टेक कंपनीच्या एमके ५०२४० ह्या चकतीत सुमारे वीस लक्ष आवर्तनांच्या एका स्पंदनाला २३९, २५३, २६८ असे ४७८ पर्यंतच्या पूर्णांकांनी भागून वरचे सप्तक काढले जाई. मूळ स्पंदन बदलले तर सारे वाद्य एकदम चढते-उतरते. परंतु स्वरांची परस्परप्रमाणे सिलिकनमध्ये गोठलेली. चकती बिघडली तर काढून दुसरी बसवावयाची, एवढीच दुरुस्ती उरली. त्यानंतरच्या अंकीय वाद्यांपैकी काहींत सप्तक बदलण्याची सोय पुन्हा आली, पण ती उत्पादकाने आखून दिलेल्या मर्यादेत आणि वादकाच्या बोटाखाली. कारागिराचा संबंध संपला.

ह्या कालक्रमाची आकाशवाणीच्या बंदीशी तुलना करून पाहावी. १९४० ते १९७१ हा बंदीचा काळ आणि आंदोलकांच्या ऑर्गनचा काळ जवळजवळ एकच आहे. पट्ट्यांच्या वाद्याचे सप्तक बदलणे सर्वांत सोपे होते तेव्हा त्याचे स्वर पक्के आहेत म्हणून ते बहिष्कृत होते. बंदी सैल झाली आणि काही वर्षांतच स्वर खरोखर पक्के झाले. आयातीच्या निर्बंधांमुळे असे ऑर्गन येथे मोजकेच आले, हेही खरे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात विजेच्या वाद्याने केलेला सर्वांत गाजलेला प्रवेश १९५४ च्या ‘नागिन’मधील. कल्याणजी वीरजी शाह ह्यांनी क्लाव्हिओलिन ह्या एकस्वरी वाद्यावर पुंगीचा भास निर्माण केला आणि रवी ह्यांची हार्मोनियम त्याच्या जोडीला होती. फ्रान्समधील काँस्तां मार्तँ ह्याने १९४७ मध्ये घडविलेल्या त्या वाद्याचा उपयोग नादाच्या नवलाईसाठी झाला. सप्तकाच्या प्रयोगासाठी त्याच्या जातीच्या वाद्यांकडे कोणी वळले नाही.

६

आता परिसराकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत आगगाडी आली, तेव्हापासून ह्या गावांचे सांस्कृतिक जीवन मुंबईशी बांधले गेले. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ ची. गिरगाव-दादरच्या चाळींतील मध्यमवर्ग पुढे जागेच्या शोधात ठाणे-डोंबिवलीकडे सरकला, तेव्हा त्याच्याबरोबर गाण्याचे क्लास, भजनी मंडळे व पेट्याही आल्या. १९७८ मध्ये ठाण्यास गडकरी रंगायतन उभे राहिले; कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर त्यानंतरचे. दुसरीकडे वागळे इस्टेट, कळवे व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत ह्यांनी वीज व यंत्रे जाणणारा मोठा तांत्रिक वर्ग येथे वसविला. संगीताची आवड आणि डाख देण्याचे कौशल्य एकाच वस्तीत नांदू लागले.

ह्या दोन कौशल्यांचे स्वरूप मात्र भिन्न राहिले. पेटीचा कारागीर दादरच्या हरिभाऊ विश्वनाथसारख्या दुकानांच्या परंपरेतला, कानाने काम करणारा; विजेच्या वाद्याचा दुरुस्तकार लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणणारा, मीटरने काम करणारा. जुन्या विजेच्या ऑर्गनमध्ये आधी जातात ते कंडेन्सर : कागदी असतील तर दमटपणाने गळतात, रासायनिक असतील तर वर्षानुवर्षे पडून सुकतात. पट्ट्यांखालील संपर्क काळे पडून स्वर तुटक होतो. ही दुरुस्तीही निरपेक्ष नसते. स्वर गाळणाऱ्या मंडलातील जुना कंडेन्सर काढून वेगळ्या मूल्याचा घातला, तर बासरीचा खटका सनईकडे झुकतो. तरीही एक भेद उरतो : मीटरने चालणारी दुरुस्ती ‘मूळ मूल्य’ हेच प्रमाण मानते, कानाने चालणारी दुरुस्ती समोर बसलेल्या गायकाला प्रमाण मानते.

ह्या दोन दृष्टींचा मेळ घालण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक ह्यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियममध्ये दिसतो. पेशाने वैद्यकातले आणि पेटीवादनात गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) ह्यांचे शिष्य असलेल्या ओकांनी षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन स्थाने दिली. दोन अधिक वीस मिळून बावीस. पट्टीखालची कळ ओढली की त्याच पट्टीवर दुसरी श्रुती वाजते. देवलांच्या मार्गाने निघालेला हा विचार असला, तरी त्याचा विशेष येथे आहे की पट्ट्यांची नेहमीची मांडणी त्यात तशीच राहते. वादकाला बोटांची सवय मोडावी लागत नाही. कारागिराने कानस चालविताना जो निर्णय एकदाच व कायमचा घ्यावयाचा, तो ह्या रचनेत रागानुसार बदलता येतो.

आणि पायपेटीचे काय? नाट्यसंगीताच्या मैफलीत आजही ऑर्गन मांडलेला दिसतो. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाणे-कल्याण पट्ट्याने भारनियमनाचे दिवस अनुभवले. तेव्हा विजेच्या पेट्या मुक्या होत आणि पायाच्या भात्याचे वाद्य चालू राही. वीज नसतानाही वाजणे आणि जवळच्या सुतार-कारागिराकडून दुरुस्त होणे, ह्या दोन साध्या गुणांनी शंभर वर्षांच्या ह्या वाद्याला त्याच्या अनेक तरुण वारसांहून अधिक आयुष्य दिले आहे.

७

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. पट्ट्यांच्या वाद्याचे स्वर ‘पक्के’ असणे हा त्या वाद्याचा नैसर्गिक धर्म नाही. ती त्या-त्या यंत्रणेची आणि ती यंत्रणा कोणाच्या हाती आहे ह्याची परिणती आहे. पितळी सुरात ती सत्ता कारागिराकडे होती, दातेरी चाकात कारखान्याकडे गेली, आंदोलकात क्षणभर परत आली आणि चकतीत पुन्हा हिरावली गेली. पेटीविषयीचा वाद ह्या बदलांकडे न पाहता चालला, म्हणून तो दीर्घकाळ एकाच जागी फिरत राहिला.

एक व्यावहारिक सूचनाही येथे करणे आवश्यक आहे. जुना ऑर्गन हे केवळ वाद्य नसून दस्तऐवज आहे. त्यातील न खरवडलेला सूर कारखान्याचे सप्तक सांगतो. खरवडलेला सूर सांगतो की कोणा गायकासाठी, कोणत्या षड्जाला धरून, गांधार किती उतरविला गेला होता. बालगंधर्वांच्या काळातील साथीचे सप्तक नेमके कसे होते, ह्या प्रश्नाचे काही उत्तर ध्वनिमुद्रिकांइतकेच अशा जिभांवरही कोरलेले असणे शक्य आहे. परंतु दुरुस्ती जेव्हा वाद्याला जगविते तेव्हाच ती हा लेख पुसते. गंज काढून सगळे सूर नव्याने समविभाजित सप्तकात लावले, की पेटी वाजू लागते आणि तिची साक्ष नाहीशी होते.

म्हणून ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील घरांत, मंडळांत व प्रार्थनामंदिरांत जे जुने ऑर्गन शिल्लक असतील, त्यांवर कानस चालण्यापूर्वी प्रत्येक सुराची कंपनसंख्या मोजून नोंदवावी. विजेच्या ऑर्गनमधील मूळ भागांची मूल्ये भाग बदलण्याआधी लिहून ठेवावी. आणि हयात कारागिरांना, ते सूर कोणत्या मापाने लावतात, हे विचारून घ्यावे. ह्या कामास मोठा निधी लागत नाही. कंपनसंख्या मोजण्याचे साधन आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातील फोनवर उपलब्ध आहे. लागते ते एवढेच की पेटी उघडली जाईल त्या दिवशी नोंद घेणारे कोणीतरी तेथे हजर असावे.